छगनचा कळणा

नरडाण्याच्या स्टेशनावर उतरून कुणालाही विचारा, छगनची चक्की कुठे आहे, तो रस्ता दाखवून वर दोन गोष्टी सांगेल. गाव तीन मैल आत, चक्की दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत, बाहेर एक बाकडं आणि एक कडुनिंब. पण नाव मोठं. पीठ दळणारे तालुक्यात पन्नास असतील. कळणा दळणारा एकच. हे ऐकून बाकीच्या चक्कीवाल्यांना राग येत असेल तर येऊ द्या, जे आहे ते आहे.

ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळले की कळण्याचं पीठ होतं. त्याची भाकरी जाड, काळपट, खरपूस. वांग्याच्या भरीताबरोबर तर खातातच, पण छगनच्या पिठाची भाकरी नुसती कोरडी खाल्ली तरी माणूस दुसरी मागतो. दोंडाईचाहून, धुळ्याहून लोक पोरीबाळींना सासरी पाठवायला इथून पीठ नेतात. छगन शिकला सातवीपर्यंत, पण ज्वारीचा दाणा दाताखाली धरून ती कुठल्या शिवारातली आहे ते सांगतो. दगडाच्या खाचांना टाकी स्वतः लावतो. धान्य गिऱ्हाइकाचं, बाकी सगळं छगनच्या हातचं. नवीन माणूस आला की त्याला तो कळण्याचं माप तालात म्हणून दाखवतो, आणि म्हणताना छाती थोडी पुढे येते. येणारच. बापानेही हेच माप धरलं होतं, आजानेही.

अशा माणसाला त्या वर्षी आईच्या डोळ्याने जमिनीवर आणलं.

ताईबाईंचा डावा डोळा काचबिंदूने वीस वर्षांपूर्वीच गेला होता. उरला उजवा, त्यात मोतीबिंदू. माणूस समोर आला की नुसती सावली दिसायची. चुलीजवळ जाऊ देत नसत. त्या ओट्यावर बसून उडीद निवडायच्या, डोळ्याने नाही, बोटाने, आणि तरी खडा सुटायचा नाही.

धुळ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख मिळाली. छगन आईला नवं लुगडं नेसवून घेऊन गेला, आणि तिथल्या सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि कागद बाजूला ठेवला. वरचा आकडा एकशे नव्वद. एवढ्या बीपीवर डोळा उघडता येत नाही, म्हणाले, गोळ्या घ्या आणि परत या. गोळ्या घेतल्या. महिन्याने परत गेले. एकशे शहाऐंशी.

तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी छगनला आत बोलावलं. शांत माणूस होता, पण बोलला ते सरळ. "मोतीबिंदू पिकत चालला आहे. अजून लांबलं तर ऑपरेशन अवघड होईल. आणि यांना हा एकच डोळा आहे. एकवीस दिवसांनंतरची तारीख देतो. वरचा आकडा एकशे साठच्या खाली आणा."

गोळी वाढवून दिली. पण नुसत्या गोळीने भागायचं नाही, म्हणाले, मीठ तोडा. दिवसभराचं सगळं मिळून एक लहान चमचा, त्याच्यावर नाही. लोणचं, पापड, शेव, फरसाण बंद. भाजी, फळं, ताक चालेल. आणि भाकरी? छगनने विचारलं. भाकरी तर चांगलीच, डॉक्टर म्हणाले, पोटभर खाऊ द्या.

एवढंच ऐकून छगनला अर्धं काम झाल्यासारखं वाटलं. थोरला भाऊ हेमराज दीपनगरला वीजघरात नोकरीला आहे. त्याला छगनने बसमधूनच फोन लावला. हेमराज म्हणाला, आपल्या घरात एकदा ठरलं की ठरलं, तीन आठवड्यांत आकडा खाली येतो की नाही बघ, तारखेला गाडी मी घेऊन येतो. असा भाऊ पाठीशी असला की माणसाला बळ येतं.

आल्या आल्या छगनने घर झाडून काढलं. कैरीच्या लोणच्याची बरणी माळ्यावर. उन्हाळ्यात केलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे खारट पापडांचा, डबा माळ्यावर. शेवेची पिशवी शेजारच्या घरात. बायको मेघाने आईची डाळ वेगळी काढायला सुरुवात केली, मीठ घालायच्या आधी. गिलके, दोडके, पालक, सगळं आळणी, वर लिंबू पिळायचं आणि लसूण जिऱ्याची फोडणी. गोळी सकाळ संध्याकाळ छगन स्वतःच्या हाताने द्यायचा आणि तोंड उघडायला लावून बघायचा. आणि ताटात मात्र कळण्याच्या दोन दोन भाकऱ्या, घरच्या पिठाच्या, डॉक्टरांनीच सांगितल्या म्हणून.

ताईबाई कुरकुरल्या. डाळीला चव नाही, भाजी गवतासारखी लागते. एक भाकरी तेवढी तोंडाला लागते, म्हणाल्या. छगनला हसू आलं. का नाही लागणार, दळली कुणी?

आठव्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टर रेशमा घरी आल्या. त्या पिंपळनेरकडच्या, पावसाळ्यानंतर नव्यानेच गावात आलेल्या, आवाज हळू पण हात पक्का. त्यांनी पट्टा बांधला, दोनदा बघितलं. एकशे चौऱ्याऐंशी.

छगन म्हणाला, मशीन बिघडलं असेल. रेशमाताईंनी त्याच्याच दंडाला पट्टा बांधून दाखवला. मशीन ठीक होतं.

तेरा दिवस राहिले होते. त्या दिवशी छगनने चक्कीवर दोन डबे उलटसुलट दळले, गव्हात बाजरी गेली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. डोक्यात एकच चक्र चाललं होतं. गोळी बरोबर जाते आहे. मीठ बंद आहे. मग आकडा हलत का नाही? म्हणजे मीठ कुठून तरी पोटात जातं आहे. कुणीतरी चोरून देतं आहे.

एकदा संशय शिरला की घर परकं वाटायला लागतं. तो मेघाच्या मागे चुलीपाशी जाऊन उभा राहायचा. माळ्यावर चढून बरणीतलं लोणचं किती खाली गेलं ते बघायचा. बरणीवर त्याने सुताची गाठ मारून ठेवली. मेघा एक दिवस म्हणाली, माझ्यावर पाळत ठेवण्यापेक्षा स्वयंपाक तुम्हीच करा. त्याने गाठ तशीच ठेवली.

मग त्याची नजर यशोदाबाईंवर गेली. यशोदाबाई शेजारच्या, ताईबाईंच्याच वयाच्या. दुपारी रोज ओट्यावर येऊन बसायच्या. दहाव्या दिवशी छगन जेवायला घरी निघाला तर त्या पदराआडून वाटी काढून ताईबाईंच्या हातात देत होत्या. घर आणि चक्की समोरासमोर, बाकड्यावर पाच सहा बाया डबे घेऊन बसलेल्या. त्यांच्यादेखत छगन बोलला, आणि आवाज चढवून बोलला.

"काकू, माझ्या मायचा डोळा घालवायचा आहे का तुम्हाला? वाटी उचला. ऑपरेशन होईपर्यंत या ओट्यावर पाय ठेवू नका."

यशोदाबाईंनी वाटी उचलली. तिच्यात पपईच्या चार फोडी होत्या, ते सगळ्यांना दिसलं. छगनलाही दिसलं. पण तोंडातून गेलेलं गेलं होतं. यशोदाबाई ओट्यावरून उतरल्या, सरळ चक्कीवर गेल्या, रांगेत ठेवलेला स्वतःचा ज्वारीचा डबा उचलला आणि न दळताच घरी घेऊन गेल्या. बाकड्यावर कुणी कुणाकडे बघेना.

ताईबाई आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. छगन समोर बसला. त्याला वाटलं आता विचारून घ्यावं, एकदाचं.

"माय, खरं सांग. काय खादं तू?"

त्यांनी मान त्याच्या आवाजाकडे वळवली. "डोया गया म्हनीसन तुले मी चोर वाटस का?"

छगन उठायला लागला.

"आते तू मना समोर बस. तीन दिवस. नुसती भाकर आनि ताक खासू मी. बाकी काहीच नही. मंग सांग मी चोर शे का."

आणि तसंच केलं त्यांनी. हट्ट या घराण्यात आहेच, तो आईकडूनच आला. तीन दिवस डाळ नाही, भाजी नाही, लिंबूसुद्धा नाही. मेघाने पालक पुढे केला तर ताट सरकवलं. सकाळी भाकर आणि ताक, संध्याकाळी भाकर आणि ताक, ताकात मीठ नाही. छगन प्रत्येक घासाला समोर बसून. रात्री त्याने आपलं अंथरूण आईच्या खाटेला लावून टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या इतक्या गळून गेल्या की पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागला. बस झालं माय, तो म्हणाला. त्या म्हणाल्या, सिस्टरले बोलाव.

रेशमाताई आल्या. ताईबाईंनी हात पुढे केला तो असा, जणू पंचांपुढे साक्ष द्यायला. पट्टा फुगला, हवा सुटली. छगन आकड्याकडे न बघता रेशमाताईंच्या तोंडाकडे बघत होता.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या.

वाढला होता. ताईबाईंनी विचारलं किती, कुणी सांगेना. त्यांना कळलं. त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

रेशमाताई उठल्या नाहीत. वही मांडीवर घेऊन म्हणाल्या, तीन दिवसांत काय काय गेलं पोटात, एक एक सांगा. छगन म्हणाला, काय सांगायचं, ताक आणि भाकरी. ताकात मीठ? नाही. ताक घरचं? घरचं, मेघाने घुसळलेलं.

"आणि भाकरी कशाची?"

"कळण्याची."

"ते काय असतं? आमच्याकडे नागलीची नाहीतर ज्वारीची भाकरी. कळणा मी अजून खाल्लेला नाही."

आता हा प्रश्न छगनला कुणीही, कधीही, कुठेही विचारला तरी त्याचं उत्तर आपोआप बाहेर पडतं. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, तरी पडलं. छातीसुद्धा सवयीने थोडी पुढे आली.

"चार शेर ज्वारी, एक शेर काळे उडीद सालासकट, चिमूटभर मेथी, आणि आपल्या हातच्या दोन मुठी..."

तो थांबला.

रेशमाताईंनी वहीतून मान वर केली. दोन मुठी काय, त्यांनी विचारलं. छगन स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. तळव्याच्या रेषांत पीठ बसलेलं होतं.

"जाडं मीठ," तो म्हणाला.

मेघा दाराशी होती, तिने पदर तोंडाला लावला. गेली बावीस वर्षं ती या पिठाची भाकरी थापत होती. भाकरीच्या पिठात मीठ घालायचं नाही, फक्त पाणी, हे तिला सासूनेच शिकवलेलं. आणि सासूने ते सासूकडून. दळतानाच मीठ पडतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. डाळीतलं मीठ मोजलं, लोणच्याच्या बरणीला सूत बांधलं. पिठाला कुणी मीठ म्हणतं का? पीठ म्हणजे पीठ.

रेशमाताईंनी मेघाला एक भाकरी आणायला सांगितली. हातावर तोलून बघितली, तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. दिवसाला किती, विचारलं. चार. मग त्या म्हणाल्या, दादा, डॉक्टरांनी दिवसाला जेवढं मीठ सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त या चार भाकऱ्यांतच जात असेल. वाईट वाटून घेऊ नका, भाकरी चांगली आहे. मीठ नको.

खाटेवरून ताईबाईंचा आवाज आला. "मंग मी चोर नही ना?"

 छगन उठून चक्कीवर गेला.

आठ दिवस राहिले होते.

त्याने मोटारीचा पट्टा उतरवला आणि चक्की उघडली. वरचा दगड काढला, खालचा ब्रशने घासला, खाचांतलं जुनं पीठ सळईने टोकरून काढलं, पेटी आणि पिशवी झटकून उन्हात टाकली. बाकड्यावरच्या बाया विचारायला लागल्या, भरदुपारी हे काय. त्याने सांगितलं, आज दळण उशिरा. पहिलं दळण दगड धुवायला दळलं आणि म्हशीला घातलं. मग आईसाठी चार शेर ज्वारी, एक शेर उडीद, मेथी जरा जास्त. आणि सवयीने हात मिठाच्या पोत्यात गेला. मूठ भरली. मूठ वर आली. तिथे तो किती वेळ उभा होता ते बाकड्यावरच्या बायांनी बघितलं आहे. मग मूठ उलटी झाली, मीठ पोत्यात पडलं.

संध्याकाळी तो यशोदाबाईंच्या दारात गेला. त्या दिवा लावत होत्या. माझं चुकलं, काकू, तो म्हणाला. त्यांनी वातीवरून नजर काढली नाही.

"बोललास तेव्हा चक्कीवर बोललास. सहा बायांत. आता इथे दोघांत कबूल करतोस?"

हे मात्र छगनला भारी गेलं. आईच्या पिठातून मीठ काढणं घरातली गोष्ट होती. चार माणसांत उभं राहून सांगायचं म्हणजे कळण्याचं नावच जायचं, आज्यापासून चालत आलेलं. रात्रभर त्याला झोप नाही. पण झोप नसतानाच त्याच्या डोळ्यांपुढून गिऱ्हाइकं जायला लागली. कुणाच्या घरात अर्धांगाचा झटका आलेला. कुणाच्या पायाला सूज. कोण कोण बीपीच्या गोळ्या नेतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. आणि सगळे कळणा छगनकडूनच नेतात.

सकाळी बाकडं भरल्यावर त्याने मोटार बंद केली. चक्की थांबली की गाव बहिरं झाल्यासारखं होतं, त्या शांततेत तो बोलला. यशोदाकाकूंनी काही दिलं नव्हतं, पपई दिली होती, मी उगीच बोललो. मायला मीठ मीच चारत होतो, या हाताने. ज्याच्या घरात बीपीचं माणूस आहे त्याने सांगावं, त्याच्या कळण्यात मीठ टाकणार नाही. सांगितलं नाही तरी मी विचारणार.

 मग एक जण म्हणाली, मग तुझ्याकडे येऊन फायदा काय भाऊ, आळणी पीठ तर कुणीही दळतं. दोघीतिघी हसल्या. दोघींनी डबे उचलले आणि गेल्या. छगनचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. थोड्या वेळाने यशोदाबाई आल्या, त्याच डब्यासकट. डबा रांगेत ठेवला आणि म्हणाल्या, "माझंही बिनमिठाचं. बीपी नाही, पण आता येऊही नये."

घरी ताईबाईंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला.

"आज भाकर फिकी शे," त्या म्हणाल्या. मग, "पन खासू मी."

मेघाने कांदा बारीक चिरून, लिंबू पिळून पुढे ठेवला. पालक, गिलके पुन्हा सुरू झाले. दोन दिवस तोंड वाकडं, तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून दुसरी भाकरी मागितली. सोळाव्या दिवशी रेशमाताईंनी बघितलं, एकशे अडुसष्ट. खाली आला होता, पण एकशे साठ अजून लांब. आणि पाच दिवस.

ते पाच दिवस छगनने कसे काढले विचारू नका. आकडा कुणी मागितला नाही, रेशमाताईंनीही मुद्दाम बघितला नाही, म्हणाल्या, रोज बघून माणूस घाबरतं आणि घाबरलं की वाढतो.

तारखेला पहाटेच हेमराज गाडी घेऊन दारात हजर. सगळे धुळ्याला पोचले. सिस्टरने पट्टा बांधला, तीच जागा, तीच खुर्ची. छगन इतका वाकून उभा होता की सिस्टरला त्याला मागे सारावं लागलं.

एकशे चौसष्ट.

चार आकडे वर.  छगनला वाटलं आता कागद बाजूला ठेवतील, तसाच, तिसऱ्यांदा. सिस्टर म्हणाल्या, आजी लांबून आल्यात, जिना चढल्यात, अर्धा तास शांत बसू द्या, परत बघते. आणि तुम्ही बाहेर जा, तुमच्याच श्वासाने त्यांचा आकडा चढतोय.

तो बाहेर गेला. व्हरांड्यात भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिला. हेमराजने चहा आणला, तो हातातच निवला. आत ताईबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि मांडीवर बोटं हलत होती, उडीद निवडल्यासारखी. काचेतून दिसत होतं. छगनने ती बोटं बघितली आणि पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की या बाईने एवढ्या आयुष्यात कुणाला फसवून एक दाणा खाल्लेला नाही.

अर्ध्या तासाने सिस्टरने पुन्हा पट्टा बांधला. दार उघडून तिने नुसता कागद पुढे केला, सही करा, आत घेतो आहोत. छगनने आकडा बघायच्या आधी सही केली. मग बघितला. एकशे बावन्न.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवून किती ते विचारलं, ताईबाईंनी बरोबर सांगितलं. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि छगनवर आणून थांबवली. छगनने वाकून विचारलं, बठ्ठं, सगळं दिसस का?

"बठ्ठं नही. तू दिसस." मग बघत राहिल्या. "किती वायला रे तू."

खरंच वाळला होता. पिठातलं मीठ त्याने स्वतःच्याही भाकरीतून काढलं होतं, पण त्याने माणूस वाळत नाही. वाळला होता तो घोराने.

गोळी चालू आहे, ती चालूच राहणार आहे. ओट्यावर उडीद निवडणं चालू आहे, आता डोळ्याने. सोडून गेलेल्या त्या दोघींपैकी एक परत आली, एक अजून नरडाण्याला दळते. तिला तिची चव लखलाभ. परवा चाळीसगावकडचा एक माणूस कळण्याचं नाव ऐकून चक्कीवर आला. विचारलं, यात काय काय असतं. छगनने मोटारीच्या आवाजावरून आवाज चढवून सांगितलं, चार शेर ज्वारी, एक शेर काळे उडीद सालासकट, मेथी जरा जास्त. माप तिथेच संपलं. छाती पुढे होतीच. त्या माणसाने विचारलं, आणि मीठ?

छगनने मिठाच्या पोत्याकडे न बघता विचारलं, घरात म्हातारं कोण आहे?